एक किलो कणकेचे पतन

भरसभेत उभे राहून बोलण्याचा प्रसंग माझ्यावर वयाच्या सत्ताविसाव्या वर्षापर्यंत आला नव्हता. तो आला तेव्हा मी तीनच शब्द बोललो : "उत्तर वीस आहे." हे वाक्य उच्चारायला दीड सेकंद लागला असेल, निस्तरायला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत मी सात आराखडे काढले, बरखेड्याच्या भंगारवाल्यांशी माझा परिचय झाला आणि पिपलानी या आमच्या कारखान्याच्या वसाहतीतल्या समस्त मराठी कुटुंबांना माझ्या घरी बारसे असल्याची वार्ता पोचली. मी अविवाहित आहे, हे येथेच नमूद केलेले बरे.

मी भौतिकशास्त्र शिकवतो. बाबांना कारखान्याकडून मिळालेल्या क्वार्टरच्या व्हरांड्यात एक फळा आहे, फळ्यासमोर तीन विद्यार्थी बसतात, आणि फळ्याकडे तोंड करून मी बोलतो. फळ्याकडे तोंड केले की माणसांकडे आपोआप पाठ होते. या व्यवसायात मला आवडलेली ही पहिली गोष्ट. दुसरी गोष्ट स्प्रिंग. स्प्रिंग हा जगातला सर्वांत सोशिक पदार्थ असावा. ओढली तर ती ताणली जाते, दाबली तर दबते, आणि सोडली की कुणाविषयी मनात काही न ठेवता आपल्या जागी परतते. माणसांच्या बाबतीत मला असा अनुभव क्वचितच आला. मी ज्या ज्या वस्तूंवर जीव लावला, त्या बहुधा घर्षणरहित पृष्ठभागावर ठेवलेल्या होत्या.

त्या तिघांपैकी एक शमिका. शेजारच्या क्वार्टरमधल्या प्रसादकाकांची मुलगी, बारावीत. प्रत्येक वाक्यानंतर "पण का?" असे विचारण्याची तिला सवय आहे. पहिल्या आठवड्यात मला तिची भीती वाटायची. दुसऱ्या महिन्यापासून मी तिच्या "पण का?"साठी आदल्या दिवशी तयारी करू लागलो, आणि मला जे येत होते असे वाटत होते ते तेव्हा खरोखर येऊ लागले.

आमच्या मराठी समाजाने यंदा वार्षिक संमेलनात अंताक्षरीऐवजी विज्ञानस्पर्धा ठेवली. परीक्षक होते वसंतराव डबीर. कारखान्याच्या डिझाइन विभागात बत्तीस वर्षे काढून निवृत्त झालेले हे गृहस्थ आजही भाजीवाल्याकडून दुधी घेताना त्याचा व्यास विचारतात. शेवटचा आणि निर्णायक प्रश्न त्यांनी स्वतः काढला होता. तो असा : एका टांगलेल्या स्प्रिंगला एक किलोचे पारडे लावले आहे. एका किलोच्या वजनाने ही स्प्रिंग पाच सेंटीमीटर ताणली जाते. आता चाळीस सेंटीमीटर उंचीवरून एक किलोचा चिखलाचा गोळा पारड्यात पडून चिकटला, तर पारडे जास्तीत जास्त किती खाली जाईल?

शमिकाने लिहिले, वीस सेंटीमीटर. डबीरसाहेबांचे अधिकृत उत्तर होते पंचवीस पूर्णांक सहा. करंडक दुसरीकडे गेला. आणि शेवटच्या रांगेतल्या शेवटच्या खुर्चीवर, खांबाच्या आड बसलेला मी, काय होते आहे हे मला कळायच्या आत उभा राहिलो होतो.

"उत्तर वीस आहे."

सभागृह वळले. एवढे डोळे एकाच वेळी माझ्याकडे वळण्याची ही पहिलीच वेळ.

"कोण? भालचंद्रचा अच्युत का?" डबीरसाहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. "बाळ, बत्तीस वर्षं मी टर्बाइनचं डिझाइन केलं. ऊर्जा नष्ट होत नाही. हा निसर्गाचा नियम आहे, समाजाचा नव्हे. बस खाली."

मी बसलो. जे बोलायचे होते ते मला घरी पोचल्यावर सुचले, जसे ते मला नेहमीच सुचते. ते एवढेच होते : गोळा पारड्याला चिकटतो त्या क्षणी टिकतो तो संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग; गतीची ऊर्जा नव्हे. एकट्या गोळ्याची गती आता दोघांत वाटली जाते, वेग निम्मा होतो आणि आदळण्याची अर्धी ऊर्जा गोळा चेपण्यातच खर्ची पडते. स्प्रिंगच्या वाट्याला उरलेली अर्धी येते. डबीरसाहेबांनी ती सगळीच्या सगळी स्प्रिंगला देऊन टाकली होती. चूक औदार्याची होती, पण चूक होती.

संध्याकाळी प्रसादकाका आले. बसले नाहीत.

"अच्युत, राग मानू नकोस. तू मुलगा चांगला आहेस. पण चांगल्या मुलाकडून बॅडमिंटन शिकावं, फिजिक्स नको. पुढच्या रविवारी दुपारची गाडी आहे. शमिकाला कोट्याला ठेवतोय, माझा मावसभाऊ आहे तिथे."

त्यांच्या मागे उभी असलेली शमिका मला एवढेच म्हणाली, "दादा, तिथे दोनशे पोरांची बॅच असते. मी 'पण का?' विचारलं तर किसके पास टाइम है?"

ती रडत नव्हती. रडली असती तर मी नेहमीप्रमाणे आत जाऊन पुस्तक उघडले असते. ती रडत नव्हती म्हणून मला उत्तर द्यावे लागले. मी म्हणालो, "रविवारच्या आत मी सिद्ध करतो."

"केलंस तर ती इथेच शिकेल," प्रसादकाका म्हणाले. "पण कागदावर नको. कागदावर डबीरसाहेबांनीही केलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत प्रश्न लोकशाही पद्धतीने निकालात काढण्यात आला होता. समाजाच्या व्हॉट्सॲप गटावर कुणीतरी मतदान लावले. पंचवीस पूर्णांक सहाला एकसष्ट मते पडली, वीसला चार. त्या चारांत मी, शमिका, आई आणि एक गृहस्थ होते, ज्यांनी नंतर अंगठा घसरल्याचा खुलासा केला. आई दिवसभर विचारत होती, "मी बरोबर दाबलं ना रे?" बाबांनी मतच दिले नाही.

"मी डबीरसाहेबांच्या हाताखाली अकरा वर्षं काम केलंय," बाबा म्हणाले. "ते चुकले तरी सहीसकट चुकतात. त्यांची चूक दुरुस्त करायची तर तिच्यावर त्यांचीच सही लागते."

हे वाक्य मला तेव्हा निराशाजनक वाटले. वस्तुतः ते मार्गदर्शनपर होते.

स्पर्धेच्या नियमावलीत लेखी हरकतीची सोय होती. मी अर्ज केला : प्रयोग करून दाखवण्याची अनुमती मिळावी. अर्ज दोन तासांत परत आला. त्यावर लाल शाईने एकच प्रश्न होता : "ड्रॉइंग कुठे आहे?"

कारखान्याच्या वसाहतीत जन्मलेल्या माणसाने हे आधीच ओळखायला हवे होते. येथे ड्रॉइंगशिवाय काहीही अस्तित्वात येत नाही. आमच्या ब्लॉकमधल्या तुळशीवृंदावनाचेही ड्रॉइंग आहे आणि त्यावर तीन सह्या आहेत. मी एका कागदावर आकृती काढली आणि डबीरसाहेबांच्या घरी गेलो. त्यांनी ती हातभर अंतरावर धरली.

"हे काय आहे?"

"स्प्रिंग, काका."

"मला वाटलं तू नागमोडी नदी काढलीस. किती वेटोळी? तारेचा व्यास? आणि टॉलरन्स कुठाय?"

दुसऱ्या आराखड्यात टॉलरन्स, म्हणजे मापातली चालण्याजोगी चूकभूल, होता, पण शीर्षकपट्टी उजव्या कोपऱ्याऐवजी डावीकडे गेली होती. तिसऱ्यात तीही जागेवर आली. चौथा आराखडा चिखलावर अडला.

"मटेरियल : चिखल," त्यांनी मोठ्याने वाचले. "कोणता चिखल? काळ्या मातीचा की मुरमाचा? पाणी किती टक्के? उद्या कुणी म्हणालं, चिखल पातळ होता म्हणून उत्तर वीस आलं, तर?"

मी दीड दिवस अंगणात बसून चिखल कालवला. काळी माती हाताला चिकटत होती, पारड्याला चिकटत नव्हती. येणारेजाणारे थांबून सल्ला देत. एकाने भुसा मिसळायला सांगितले, दुसऱ्याने शेण. तिसऱ्याने काही न विचारता आईकडे जाऊन "मुलाचं लग्नाचं बघा" असे सुचवले. अखेर आई पदर खोचून बाहेर आली.

"चिखल कसला कालवतोस भिकाऱ्यासारखा? कणीक घे. तीस वर्षं रोज तिंबते आहे, एका दिवसाची दुसऱ्या दिवसापेक्षा सैल झाली तर सांग."

पाचव्या आराखड्यात असे लिहिले गेले : "मटेरियल : कणीक. गहू : शरबती, सिहोर. मळणारी व्यक्ती : सौ. शशिकला टेंभेकर." डबीरसाहेबांनी या ओळीवर बराच वेळ बोट ठेवले, आणि प्रथमच त्यांच्या तोंडून "हं" असा उद्गार निघाला. आईने त्या आराखड्याचा फोटो नागपूरच्या मावशीला पाठवला. आपले नाव तांत्रिक आराखड्यावर यावे, हे तिने आयुष्यात कधी मागितले नव्हते. पण ते आल्यावर तिने दोन दिवस तव्यावरच्या पोळ्यांकडेही जरा अधिकाराने पाहिले.

आता स्प्रिंग. एका किलोला पाच सेंटीमीटर ताणली जाणारी, म्हणजे मऊ स्वभावाची. बाबांनी स्वतःच्या जुन्या स्कूटरची मागची स्प्रिंग काढून दिली. मी तिला एक किलो साखर टांगली. ती हलली नाही. पाच किलो तांदूळ टांगले, हलली नाही. शेवटी मीच लोंबकळलो. तिने मला केवळ सहन केले. बाबा म्हणाले, "ही तुझ्या आजीला, आईला आणि गॅस सिलिंडरला एका वेळी घेऊन जायची. तुझं एक किलो तिला काय कळणार?" त्यानंतर स्कूटर पूर्ववत जुळली नाही आणि बाबांना आठवडाभर सिटी बसने कारखान्यात जावे लागले.  रोज संध्याकाळी ते बसचे तिकीट माझ्या टेबलावर ठेवत राहिले.

मी बरखेडा गाठले. भंगाराच्या दुकानातले चाचा गाडीच्या चाकावर बसून चहा पीत होते.

"को खां, कौन-सी गाड़ी का स्प्रिंग चाहिए?"

"गाड़ी का नहीं, चाचा. एक सवाल का है."

त्यांनी कप खाली ठेवला आणि आत वळून हाक दिली, "अरे देखना, सवाल का स्प्रिंग पड़ा है क्या?" आतून कुणीतरी गंभीरपणे उत्तरले, "कल ही निकल गया." मी चार दुकाने पालथी घातली. गाद्यांच्या, शटरच्या, ट्रकच्या अशा नाना स्प्रिंगा पाहिल्या. सगळ्या संसारात मुरलेल्या, कठीण. माझ्यासारखी हळवी एकही नाही.

ती आमच्याच ब्लॉकच्या वरच्या मजल्यावर सापडली. मालतीकाकूंच्या माळ्यावर, जुन्या मलमलीत गुंडाळलेली, पाळण्याची स्प्रिंग. मी तिला एक किलो साखर लावली आणि श्वास रोखून पट्टी धरली. पाच सेंटीमीटर. आणखी एक किलो लावली, आणखी पाच. त्या क्षणी माझे डोळे भरून आले असे मी लिहिले तर वाचक हसतील, म्हणून लिहीत नाही.

"माझ्या तिन्ही नातवंडांना हिनं झुलवलंय," मालतीकाकू म्हणाल्या. "ने खुशाल. पण एक लक्षात ठेव. रिकामा पाळणा हलवायचा नाही. बाळाला बाधतं."

"काकू, पाळणा नाही. परात टांगणार आहे."

"परात टांग नाहीतर पातेलं टांग. ह्या स्प्रिंगला टांगलं की तो पाळणाच. आत काहीतरी निजवल्याशिवाय हलवलास तर मी येऊन काढून नेईन."

वाद घालणे माझ्या स्वभावात नाही. त्यांनी स्वतःच लसूण ठेचायचा छोटा वरवंटा आणला आणि परातीत निजवला. मी घरी येऊन सगळे तोलले. परात तीनशे ऐंशी ग्रॅम. दिव्याच्या साखळ्या, ज्यांवर ती टांगायची होती, नव्वद ग्रॅम. वरवंटा पाचशे तीस. मी बेरीज तीनदा केली. बरोबर एक किलो! पारड्याला नेमके जेवढे वजन हवे होते तेवढे मालतीकाकूंच्या श्रद्धेने पुरवले होते. विज्ञानाच्या इतिहासात अशी उदाहरणे असतील, पण ती नोंदवायला कुणाला धैर्य झाले नसावे.

सातवा आराखडा मंजूर झाला. वरवंट्याची नोंद "स्थिर भार (पारंपरिक)" अशी झाली. उरले सभागृह.

समाजाच्या चिटणीस कमलताई फॉर्म पुढे सरकवून म्हणाल्या, "कारण लिही." फॉर्मवर चार चौकोन होते : विवाह, मुंज, बारसे, इतर.

"इतर," मी म्हणालो.

"इतरला कार्यकारिणीचा ठराव लागतो. कार्यकारिणी पुढच्या महिन्यात बसते."

"पण मला रविवारी सकाळी हवंय, ताई. दुपारी दोनला शमिकाची गाडी आहे."

कमलताई हळव्या आहेत, पण त्यांचा हळवेपणाही नियमाला धरून असतो. त्यांनी चष्म्यावरून पाहिले. "साहित्य काय आणतोयस?"

"पाळण्याची स्प्रिंग. परात. वरवंटा. कणीक."

"मग हे बारसंच झालं की! बारसं लगेच मिळतं." आणि मी तोंड उघडेपर्यंत त्यांनी तिसऱ्या चौकोनात खूण केली. "फक्त एक, अच्युत. बारसं म्हणून घेतलंस तर नाव ठेवावं लागेल. मागे एकांनी मुंजीच्या नावाखाली साड्यांचं प्रदर्शन भरवलं होतं. तेव्हापासून नियम आहे."

सभागृहाच्या आरक्षणाची सूचना गटावर आपोआप जाते, हे मला ठाऊक नव्हते. संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी पिपलानीतल्या मराठी माणसांनी वाचले : "रविवार, सकाळी ११. बारसे. यजमान : श्री. अच्युत भालचंद्र टेंभेकर."

त्यानंतरच्या तीन दिवसांविषयी मी थोडक्यात लिहीन, कारण काही जखमांना हवा लागू देऊ नये. अभिनंदनाचे बावीस संदेश आले. अरेरा कॉलनीतल्या एका दूरच्या आत्याने आईला फोन करून विचारले, "लग्न कधी झालं, ते तरी सांगायचं होतंस गं!" आईने वीस मिनिटे स्प्रिंग, कणीक आणि संवेग समजावून सांगितला. पलीकडून उसासा ऐकू आला : "असू दे. जे झालं ते झालं. मुलगा की मुलगी?" दुधाच्या बूथवर माणसे मला बघून बोलणे थांबवत. ज्या गृहस्थाला आयुष्यभर कुणी पाहिले नव्हते, त्याच्याकडे आता सगळे पाहत होते, आणि तेही एका मुलाच्या शोधात. मी मात्र रोज दुपारी व्हरांड्यात चाळीस सेंटीमीटरवरून कणीक टाकीत होतो.

रविवारी सभागृह भरले. एवढी गर्दी संमेलनालाही नव्हती. बायका टोपडी, झबली आणि एक घुंगरांचा वाळा घेऊन आल्या होत्या. कुणीतरी घुगऱ्यांचे पातेले आणले होते. डबीरसाहेब पहिल्या रांगेत, मांडीवर ड्रॉइंग उलगडून. प्रसादकाका दाराजवळ, आणि त्यांच्या पायाशी शमिकाची बांधलेली ट्रंक आणि वळकटी. ते घड्याळाकडे पाहत होते.

पंख्याच्या हुकाला स्प्रिंग टांगलेली होती. तिच्या खाली परात, परातीत वरवंटा. परातीच्या कडेला एक बारीक कुंचला बांधला होता, कुंकवाच्या पाण्यात भिजवलेला; शेजारच्या फळीवर पांढरा कागद. परात खाली गेली की कुंचला कागदावर रेघ ओढणार, आणि रेघ जिथे संपेल तिथे उत्तर.

"आधी नाव," कमलताई म्हणाल्या.

मालतीकाकूंनी वरवंट्याला टोपडे घातले. मला वाटते, त्या क्षणी मी काहीसा देहातीत झालो होतो. शमिकाने पुढे होऊन वाकून त्याच्या कानात, म्हणजे जिथे कान असता तिथे, नाव सांगितले आणि मग मोठ्याने जाहीर केले : "संवेग!"

"संवेग अच्युत टेंभेकर," कमलताईंनी रजिस्टरमध्ये लिहिले. मागून एक आजी म्हणाल्या, "हल्ली कसली नावं ठेवतात," आणि घुगऱ्या वाटायला घेतल्या.

मी स्टुलावर चढलो. हातात आईने मळलेला एक किलोचा गोळा. पट्टीने उंची मोजली. हाताकडे पाहत गोळा सोडला.

गोळा परातीत पडला, सर्रकन घसरला, कडेवरून उडाला आणि डबीरसाहेबांच्या मांडीवरच्या ड्रॉइंगवर धप्पकन येऊन बसला.

"परातीला तेलाचा हात कुणी लावला?" मी विचारले.

"मी," आई म्हणाली. "परातीत कणीक टाकायची म्हटल्यावर तेलाचा हात आपोआपच फिरतो रे!"

लोक हसले. डबीरसाहेबांनी ड्रॉइंगवरून कणीक खरवडली आणि थंडपणे म्हणाले, "न चिकटल्यास प्रयोग अवैध. टीप क्रमांक तीन."

परात पुसून राखेने घासली. आईने नवा गोळा दिला. दुसऱ्यांदा गोळा चिकटला, पण मध्यावर न पडता एका बाजूला पडला. परात कलली आणि टोपडे घातलेला वरवंटा गडगडत जमिनीवर आला.

"अगंबाई, बाळ पडलं!" तीन बायका एकदम किंचाळल्या. एकीने तर त्याला उचलून छातीशी धरले, आणि वरवंटा आहे हे आठवल्यावर लाजून परत ठेवले.

मी स्टुलावर उभा होतो. खाली हसू पसरत चालले होते, आणि त्या हसण्यात मला माझे सगळे ओळखीचे आवाज ऐकू आले. शाळेतला, कॉलेजातला, मुलाखतींच्या खोल्यांतला. प्रसादकाकांनी ट्रंकेच्या कडीत हात घातला.

"अजून एकदा होईल, काका," शमिका म्हणाली. तिने स्वतःच्या ओढणीचा काठ फाडून त्याने वरवंटा परातीच्या तळाशी घट्ट बांधला. ती डबीरसाहेबांकडे बघत होती. डबीरसाहेबांनी हात वर केला. सभागृह शांत झाले. बत्तीस वर्षे त्या हाताने यंत्रे थांबवली होती.

"ओढणीचं वजन?" त्यांनी विचारले.

"तुमच्या टॉलरन्समध्ये बसतं," ती म्हणाली.

"टाक, अच्युत."

मी या वेळी हाताकडे पाहिले नाही. परातीच्या मध्याकडे पाहिले, फळ्याकडे पाहतो तसे. आणि बोटे उघडली.

थप्प! परात खाली गेली, एका संथ, खात्रीच्या झोक्यात, आणि तळाशी क्षणभर थांबली. जगातल्या सगळ्या गोष्टी वळण्यापूर्वी जशा थांबतात तशी. मग वर आली. कागदावर कुंकवाची एक सरळ लाल रेघ उमटली होती.

डबीरसाहेब उठले. खिशातून स्टीलची पट्टी काढली, गुडघे टेकून बसले आणि रेघ मोजली. पुन्हा मोजली.

"साडेएकोणीस."

"वीस नाही!" मागून कुणीतरी ओरडले.

माझे उत्तर मला घरी पोचल्यावर सुचणार, हे मला ठाऊक होते. पण शमिका केव्हाच पुढे झाली होती. "स्प्रिंगलापण वजन असतं ना? कणकेबरोबर तीपण हलते. थोडा वेग ती खाते. म्हणून वीसला थोडं कमी. पंचवीस कसं येईल?"

डबीरसाहेबांनी ड्रॉइंग पालथे घातले आणि मागच्या बाजूला पेन्सिलीने गणित मांडले. मिनिटे गेली. घुगऱ्या चावण्याचे आवाजही थांबले होते.

"पुन्हा टाक," ते म्हणाले. साडेएकोणीस. "पुन्हा." एकोणीस पूर्णांक चार. "पुन्हा." एकोणीस पूर्णांक सहा.

"मग उरलेली ऊर्जा?" त्यांचा आवाज परीक्षकाचा राहिला नव्हता. "ती गेली कुठे?"

शमिकाने परात त्यांच्यासमोर धरली. वर गोल असलेला गोळा खाली भाकरीसारखा चपटा होऊन बसला होता. डबीरसाहेबांनी त्यात बोट रुतवले. बराच वेळ रुतवून ठेवले.

"ह्याच्यात," ते हळू म्हणाले. "बत्तीस वर्षं मी फिरणारी यंत्रं केली रे. चिकटणाऱ्या वस्तूचा विचारच केला नाही."

मग त्यांनी पेन काढले, लाल. ड्रॉइंगच्या दुरुस्तीच्या रकान्यात स्वच्छ अक्षरांत लिहिले : "२५.६ ऐवजी २० वाचावे." आणि खाली सही केली, तारखेसकट. बाबा चौथ्या रांगेत उभे राहिले आणि टाळ्या वाजवू लागले. बाबांना टाळ्या वाजवताना मी प्रथमच पाहत होतो. त्यांना त्या नीट येत नव्हत्या. मग सभागृहच उठले. कुणीतरी करंडक शमिकाला द्यावा असा ठराव मांडला, कमलताईंनी तो "इतर" या सदरात मंजूर करून टाकला, आणि आई गर्दीतून वाट काढत ज्याला त्याला सांगत सुटली, "कणीक माझी होती."

मी स्टुलावरून उतरलो तेव्हा प्रसादकाका समोर उभे होते. ट्रंक दाराशीच होती, पण वळकटी सुटून पसरली होती आणि कुणीतरी तिच्यावर बसून घुगऱ्या खात होते.

"सर," ते म्हणाले.

मी मागे वळून पाहिले. मागे कुणी नव्हते.

"सर, कोट्याचं तिकीट रद्द करतो. पण एक तक्रार आहे. आमची गॅलरी तुमच्या व्हरांड्याला लागून. चार महिने मी रोज संध्याकाळी चहा घेऊन तिथे बसतो. मलाही शाळेत हे कुणी नीट सांगितलं नव्हतं. पण तुम्ही फळ्याशी बोलता. अर्धंच ऐकू येतं. असल्याच एका गणिताचंही, गोळा चिकटला इथवर ऐकलं; पुढचं फळ्यानंच ऐकलं. म्हणून मी पंचवीसला मत दिलं." त्यांनी घसा साफ केला. "जरा मोठ्यानं शिकवत जा. उद्या किती वाजता आहे?"

"सहा वाजता," मी म्हणालो.

"काय?"

मी श्वास घेतला. "उद्या संध्याकाळी सहा वाजता! व्हरांड्यात!"

सभागृह पुन्हा वळले. माझा आवाज शेवटच्या रांगेतल्या शेवटच्या खुर्चीपर्यंत गेला, भिंतीवर आदळला आणि फारशी ऊर्जा न गमावता परत आला. मी तो ऐकला. बरा होता.